माळ रिकामा दिसतो, पण असतो का? ऑफ-रोड बाइकिंग, कायदा आणि आपला नगर जिल्हा

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलं आहे.)

पारनेर तालुक्यातल्या एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवलाय. गावातली दहा-बारा पोरं दर रविवारी माळावर गाड्या घेऊन जातात. दोन एक्सपल्स, एक हिमालयन, बाकी जुन्या स्प्लेंडर आणि आरएक्सचे सांगाडे. आता यात्रेच्या दिवशी रीतसर स्पर्धा घ्यायची म्हणतायत. बक्षीस ठरलंय, बॅनरही ठरलाय. त्यांचा प्रश्न एकच: पोलिसांना सांगावं लागतं का?

उत्तर एका वाक्याचं असतं तर मी मेसेजवरच दिलं असतं. पण त्या प्रश्नाच्या पोटात चार-पाच प्रश्न आहेत, आणि त्यांतला एक मी स्वतः फार महागात शिकलोय. आधी तेच सांगतो.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दहा जण नगरच्या पश्चिमेला एका माळावर गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. मोबाइलवर वेळ लावून एकेक जण सोडायचा, सगळ्यात कमी वेळ ज्याचा त्याला मटणाचं जेवण, अशी आमची ‘चॅम्पियनशिप’. तिसऱ्या फेरीत एका मित्राचं पुढचं चाक गवतात दडलेल्या चरात गेलं आणि त्याची मांडी मोडली. १०८ ला फोन लावला. पलीकडून विचारलं, कुठे आहात? आणि दहा जणांपैकी एकालाही सांगता येईना. गावाचं नाव माहीत, पण शिवाराचं नाव, वाट कुठून फुटते, काहीच नाही. एक जण तीन किलोमीटर मागे गेला, मेंढ्या चारणाऱ्या एका धनगरदादांना गाठलं, त्यांनी त्या माळाचं नाव सांगितलं, तेव्हा गाडी पोचली. सव्वा तास मित्र उन्हात पडून होता.

पुढे विम्याच्या फॉर्मवर त्याने खरं खरं लिहिलं की आपापसात टायमिंग लावलं होतं. गाडीचा क्लेम नामंजूर. आणि पंधरा दिवसांनी आम्ही दोघं-तिघं त्या गावात गेलो तेव्हा एका आजोबांनी तो चर दाखवला. तो खड्डा नव्हताच. गावाने श्रमदानातून खणलेला समतल चर होता, आणि त्याचा बांध आमच्या चाकांनी सात ठिकाणी कापला होता.

म्हणून या विषयात मी कायद्याच्या कलमांआधी जागेबद्दल बोलतो. आपल्याकडे पोरं म्हणतात, रिकामा माळ आहे, कुणाला काय त्रास? नगर जिल्ह्यात रिकामा माळ जवळपास नसतोच. तो कुणाचा तरी असतो, किंवा कशासाठी तरी राखलेला असतो. तुम्ही जे करताय ते कायदेशीर आहे की नाही हे निम्म्याहून जास्त यावरच ठरतं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९. सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेतली, होऊ दिली किंवा तिच्यात भाग घेतला तर शिक्षा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नीट ऐका: नुसता चालवणारा नाही, ‘होऊ देणारा’सुद्धा. म्हणजे बॅनरवर ज्यांचे फोटो आहेत ते सगळे.

आणि ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कोणतीही वाट, कोणतीही जागा, मग ती वहिवाटीची असो वा नसो. इथेच आपल्या पोरांची पहिली चूक होते. पावसाळ्यात चिखलाने भरलेला पाणंद रस्ता बघितला की ऑफ-रोडवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं. दोन्ही बाजूला बांध, मध्ये गुडघाभर राड. पण पाणंद हा सार्वजनिक रस्ता आहे. शिवरस्ताही तसाच. तिथून तुम्ही नोंदणीकृत गाडीवर, हेल्मेट घालून, शहाण्यासारखे जाऊ शकता. पण घड्याळ लावलंत की कलम १८९ दारात उभं. शिवाय त्याच वाटेने कुणाची तरी बैलगाडी, कुणाचा तरी उसाचा ट्रॅक्टर येणार असतो, तो भाग वेगळाच.

गायरानाचंही तेच. ते ‘सरकारी आहे, म्हणजे आपलंच’ असं नसतं. ते गावाच्या जनावरांसाठी राखलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या तोंडी होकारावर तिथे स्पर्धा भरवू नका.

वनजमिनीबद्दल तर चर्चाच नको. जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य, आणि सोलापूर-नगर जिल्ह्यांत पसरलेलं माळढोक अभयारण्य. रेहेकुरी जेमतेम दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे, पण काळविटं काही कुंपण वाचून चरत नाहीत, आजूबाजूच्या माळावरही येतात. अभयारण्यात परवानगीशिवाय घुसणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. अभयारण्य नसलेल्या राखीव वनातही भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. गाडी जप्त होऊ शकते, आणि जप्त झालेली गाडी वन विभागाच्या आवारात किती दिवस उभी राहते हे ज्याने पाहिलंय तो पुन्हा नाव काढत नाही.

मग आपल्या जिल्ह्याची खासियत, के. के. रेंज. नगर, राहुरी, पारनेर या तालुक्यांना लागून असलेलं हे लष्कराचं फायरिंग क्षेत्र. इथे रणगाडे सराव करतात. उघडा, दगडगोट्यांचा, चढउतारांचा प्रदेश, दिसायला अगदी रॅलीच्या व्हिडिओसारखा. कुंपण सगळीकडे नाही. पण जमिनीत न फुटलेले गोळे असू शकतात, आणि भंगार गोळा करायला गेलेल्यांचे जीव गेलेले आहेत. फायरिंग नसलेल्या दिवशीही तिकडे जायचं नाही. इथे मी दंड किती, कलम कुठलं हे सांगतच नाही, कारण मुद्दा दंडाचा नाही.

आणि आता ते चर. हिवरे बाजार आणि राळेगण सिद्धी ही नावं जगाला माहीत आहेत, पण त्यांचं बघून आणि पुढे २०१६ ते २०१९ या वॉटर कपच्या वर्षांत जिल्ह्यातल्या कित्येक गावांनी डोंगरउतारावर चर खणलेत. समतल चर साधारण दोन फूट रुंद, फूटभर खोल. खणलेली माती उताराच्या बाजूला बांधासारखी टाकतात. पाऊस पडला की पाणी चरात थांबतं आणि जिरतं. मोटरसायकलचं खाचांचं टायर त्या बांधावरून दहा वेळा गेलं की तिथे खाच पडते. पुढच्या पावसात सगळं पाणी त्याच खाचेतून धावतं, खालच्या चरावर आदळतं, तोही फुटतो, आणि दोन पावसाळ्यांत तिथे घळ तयार. म्हणजे गावाने कुदळीने महिनाभर केलेलं काम आपण एका रविवारी निकामी करतो. यासाठी वेगळं कलम शोधायची गरज नाही. गावकरी तुम्हाला चोप देतील, आणि मला त्यांची बाजू समजते.

मग राहिलं काय? खासगी जमीन. तीच खरी वाट आहे, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. एखाद्याची पडीक मुरमाड चार-पाच एकर मिळाली तरी सुरुवातीला पुष्कळ. सातबारा ऑनलाइन काढा, डिजिटल सहीच्या उताऱ्याला पंधरा रुपये लागतात. नाव कुणाचं आहे बघा, ‘इतर हक्क’ रकाना बघा. आपल्याकडे सामाईक खाती फार. चार भावांपैकी एकाने हो म्हटलं आणि स्पर्धेच्या सकाळी दुसरा भाऊ बांधावर येऊन उभा राहिला, तर तुमचा कार्यक्रम तिथेच संपतो. म्हणून सगळ्यांच्या सह्यांचं संमतीपत्र घ्या, तारीख, गट नंबर, वेळ घालून. जमीन वाट्याने कुणी करत असेल तर त्यालाही विचारा. आणि त्या दिवसापुरती जागा खरोखर बंद करा. दोरी, बॅरिकेड, एकच प्रवेश. लोक वाटेल तिथून आत-बाहेर करत असतील तर ‘ही खासगी जागा आहे’ हे म्हणणं फार काळ टिकत नाही.

जमिनीबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. एक, जंप बनवायला जेसीबी लावून बाहेरून मुरूम आणाल तर तो गौण खनिज आहे. त्याला महसूल खात्याचा परवाना आणि रॉयल्टी लागते. विनापरवाना मुरमाला बाजारभावाच्या पाचपट दंड बसू शकतो. चार जंपांसाठी बक्षिसाच्या दसपट रक्कम तहसीलमध्ये भरलेली मंडळं निघतील. दोन, पाणी. उन्हाळ्यात धूळ बसवायला ट्रॅकवर पाणी मारावं लागतं. ज्या गावात प्यायला टँकर येतो, त्या गावात तुम्ही ट्रॅकवर टँकर ओतणार? मी तरी ते करणार नाही. यात्रा चैत्रात असली तरी स्पर्धा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात घ्या. जमिनीत ओल असते, धूळ कमी, आणि मुरमाड रानात चाक रुतत नाही. काळ्या रानात मात्र पावसानंतर जाऊच नका, चाक आणि मडगार्ड यांच्यात मातीचा गोळा बसून गाडी जागची हलत नाही. तसंही काळ्या रानात तेव्हा ज्वारीची पेरणी चालू असते.

आता गाडी. इथे दोन जाती समजून घ्या. एक, रस्त्यासाठी बनलेली आणि मातीतही चालणारी: एक्सपल्स, हिमालयन वगैरे. हिला नंबर, विमा, पीयूसी सगळं असतं. दुसरी, निव्वळ मातीची: कावासाकीची केएक्स मालिका किंवा लहान केएलएक्स ११०. हिला हेडलाइट, इंडिकेटर, आरसे नाहीत, ती रस्त्याच्या नियमांत बसवलेलीच नाही, म्हणून आरटीओ पासिंगही नाही. ही शोरूममधून थेट छोट्या हत्तीत चढते आणि ट्रॅकवर उतरते. घरापासून ट्रॅकपर्यंतचा अर्धा किलोमीटरसुद्धा ती स्वतःच्या चाकावर जाऊ शकत नाही. गाडी रस्त्यायोग्य आहे की नाही हे तपासणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एक, व्हीआरडीई, आपल्या नगरजवळ वाहननगरलाच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तिचं नाव आहे. तेव्हा ‘गावाकडे काय कळतंय’ हे निदान या जिल्ह्यात म्हणू नका.

मधली जात म्हणजे आपले सांगाडे. जुनी गाडी घेतली, टाकी बदलली, सायलेन्सर कापला, नंबरप्लेट काढली, मोठं चाक बसवलं. बंद ट्रॅकवर हे ठीक, हीच आपल्याकडची खरी कारागिरी आहे. पण तीच गाडी संध्याकाळी रस्त्यावरून घरी आणलीत तर कलम ५२ प्रमाणे बेकायदा बदल, आणि कापलेल्या सायलेन्सरसाठी कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, वर लायसन्स तीन महिने गेलं. टेम्पोचं भाडं स्वस्त पडतं.

विम्याबद्दल थोडं थांबतो, कारण मित्राचा क्लेम इथेच गेला. आपल्या नेहमीच्या दुचाकी पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो. त्यात आयोजित शर्यत, पेसमेकिंग, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं वगळलेलं असतं. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी तुमच्या गाडीचा विमा असून नसल्यासारखा. आरोग्य विम्यात वेगळी गंमत आहे. तिथे साहसी खेळात ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेतल्यास खर्च मिळणार नाही असा ठरावीक मजकूर असतो, त्यात मोटार रेसिंगचं नावही असतं. हौशी माणसाला तिथे जागा आहे. पण तुमच्या पॉलिसीची ओळ तुम्ही स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, आणि शंका असेल तर कंपनीकडून लेखी घ्या.

आणि तो कागद, ज्यावर सगळे सह्या घेतात: ‘मी माझ्या जबाबदारीवर भाग घेत आहे, काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत.’ घ्या सही, स्पर्धकाला धोक्याची जाणीव दिली याचा तो पुरावा असतो. पण आयोजकाच्या हलगर्जीपणाने कुणी दगावलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती त्या सहीने पुसली जात नाही. प्रेक्षक तर कशावरच सही करत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, जंपच्या समोर, जिथे व्हिडिओ चांगला येतो तिथेच लोक उभे राहतात. गाडी घसरून तिथेच जाते. दोरी तिथे सगळ्यात मागे हवी.

मग स्पर्धा रीतसर म्हणजे कशी? भारतात या खेळाची मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. जगातल्या मोटरसायकल खेळाची एफआयएम ही जी संघटना आहे, तिची ही भारतातली सदस्य. स्पर्धा घ्यायची तर संलग्न क्लबमार्फत परमिट घ्यायचं, नियमावली आधी मंजूर करून घ्यायची, ट्रॅक तपासून घ्यायचा, स्पर्धकाकडे त्यांचं स्पर्धा-लायसन्स हवं, त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रक्तगट लागतो. बदल्यात अधिकारी, विमा आणि नियमांचं छत्र मिळतं. खासगी शेतात, बिना-परमिट, आठ मित्रांनी गाड्या चालवल्या तर तो आपोआप गुन्हा होत नाही. पण तिकीट लावलं, प्रवेश फी घेतली, बक्षीस जाहीर केलं, की त्याला मित्रांचा रविवार म्हणता येत नाही. शिवाय लायसन्स असलेला स्पर्धक अशा बिना-परमिटच्या स्पर्धेत उतरला तर संघटना त्याच्यावर कारवाई करू शकते. म्हणून चांगले रायडर तुमच्याकडे येणारच नाहीत.

लांब जायची गरज नाही. नाशिकमध्ये रॅलीची मोठी परंपरा आहे, पुण्यात सुपरक्रॉस होतं. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. अशा ठिकाणी एकदा प्रेक्षक म्हणून नाही, स्वयंसेवक म्हणून जा. झेंडा घेऊन एका वळणावर दिवसभर उभं राहिलात तर दहा भाग ऐकून कळणार नाही ते कळेल. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. पांढऱ्यावर तिरपी लाल फुली म्हणजे ट्रॅकवर डॉक्टर आहेत. लाल म्हणजे सगळं थांबवा.

परवानग्यांना घाबरणाऱ्यांना मी एकच विचारतो: तुमच्या गावात बैलगाडा शर्यत होते ना? सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्या शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवला. आज शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, अनामत, धावपट्टीची मर्यादा, पशुवैद्यक, चित्रीकरण, हे सगळं आपलीच माणसं करतात. मंडळातला कुणीतरी एक असतो जो फाइल घेऊन कार्यालयात बसतो. त्यालाच या कामाला घ्या. पोलीस ठाण्याला लेखी कळवा, पोच घ्या, ग्रामपंचायतीचं ना-हरकत पत्र घ्या, जमावबंदीचा आदेश लागू आहे का विचारा, स्पीकरसाठी वेगळी परवानगी लागते ती काढा. तर पारनेरच्या मित्रा, हो, पोलिसांना सांगावं लागतं. पण ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्याच वर्षी दहा जण एका ओळीतून सोडू नका. ट्रायल घ्या. हा प्रकार आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे आणि आपल्या दगडांना तो अगदी फिट्ट बसतो. वेगाचा संबंध नाही. दगड, ओघळ, चढ यांचे छोटे टप्पे आखायचे, एका वेळी एक गाडी. पाय एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त तर तीन, टप्पा अर्धवट राहिला तर पाच. सगळ्यात कमी गुण तो जिंकला. एकर-दीड एकरात होतं, स्प्लेंडरवालाही एक्सपल्सवाल्याला हरवू शकतो, आणि पडलं तरी माणूस चालण्याच्या वेगात पडतो. फक्त हेही खासगी जागेतच, आणि विम्याची ती वगळणारी ओळ इथेही लागू धरा.

काहीही घ्या, रुग्णवाहिका जागेवर हवी. फोनवर बोलावू अशी नाही, उभी. ती एखाद्या पेशंटला घेऊन गेली की परत येईपर्यंत सगळ्या गाड्या बंद. गेटचं लोकेशन आणि शिवाराचं नाव एका पाटीवर लिहून प्रत्येक मार्शलच्या हातात द्या. हे मी का सांगतोय ते तुम्हाला कळलंच असेल.

शेवटचा एक प्रश्न बऱ्याच जणांचा, पोरांच्या वयाचा. रस्त्यावर गिअरची गाडी अठराच्या आत नाही. अल्पवयीन मुलगा रस्त्यावर सापडला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. बंद ट्रॅकवर मात्र लहान मुलांचे वर्ग असतात, लहान गाड्यांवर, पालकांच्या लेखी संमतीने, पूर्ण सेफ्टी गिअर घालून. जगात चांगले रायडर असेच तयार होतात. आपला सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तोही मातीच्या ट्रॅकवरच्या मोटोक्रॉसमधून पुढे आलेला. तेव्हा पोराला आवड असेल तर त्याला माळावर एकटं सोडू नका, ट्रॅकवर घेऊन जा, आणि गाडी टेम्पोत टाका.

तुमच्या तालुक्यात कुणी स्वतःच्या जमिनीवर ट्रॅक केला असेल, किंवा करायचा विचार असेल, तर कळवा. बिगरशेती परवानगी आणि कायमस्वरूपी ट्रॅक हा विषय आज मुद्दाम बाजूला ठेवलाय, त्यावर महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका पाहुण्यांशी बोलायचं ठरलंय. भेटूया पुढच्या भागात.